द्राक्षपट्ट्यात कुत्र्याला घेऊन तंबूत मुक्काम करताय? आधी हे वाचाच

नाशिक : थंडी पडली की मुंबई-पुण्याच्या गाड्या कसारा घाट चढून, नाहीतर सिन्नरमार्गे द्राक्षपट्ट्यात यायला लागतात. वायनरी बघायची, धरणाच्या काठी तंबू ठोकायचा, सकाळी धुक्यात चहा घ्यायचा आणि परतीला लागायचं. यातल्या बऱ्याच गाड्यांच्या मागच्या सीटवर आता कुत्रंही असतं. कुठे लॅब्रेडॉर, कुठे बीगल, कुठे गल्लीतून उचलून घरचं केलेलं देशी. त्याला सोबत आणण्यात वावगं काहीच नाही. पण आपल्या जिल्ह्याची गंमत अशी, की इथली दोन मुख्य पिकं, द्राक्ष आणि कांदा, दोन्ही कुत्र्याला विषारी आहेत. त्यात रात्री उसातून बिबट्या निघतो. पाहुण्यांना हे माहीत नसतं. शेतात तंबू भाड्याने देणाऱ्या आपल्या मंडळींपैकीही अनेकांना नसतं. दोघांच्याही उपयोगी पडावी म्हणून ही माहिती.

द्राक्ष : एक मणीसुद्धा नको

कुत्र्याला द्राक्ष चालत नाही म्हटलं की बागायतदार हसतात. ‘आमचा मोती लहानपणापासून बागेत पडलेले मणी खातोय, त्याला काय धाड भरलीय?’ हे उत्तर ठरलेलं. आणि त्या मोतीला खरंच काही झालं नसेल. मेख नेमकी तिथेच आहे. एखादं कुत्रं ओंजळभर द्राक्षं पचवून टाकतं आणि तेवढ्याच द्राक्षांनी दुसऱ्याची मूत्रपिंडं निकामी होतात. जात, वय, वजन बघून कोणाला बाधेल हे आधी सांगता येत नाही. म्हणून पशुवैद्यक ‘इतकी चालतील’ असा आकडा देत नाहीत.

अमेरिकेतल्या प्राणी विषबाधा केंद्राकडे १९९० च्या दशकाच्या शेवटी अशा केसेस जमायला लागल्या. द्राक्षात नेमकं काय बाधतं, हे पुढची वीसेक वर्षं कळत नव्हतं. बुरशीवर संशय झाला, फवारणीच्या औषधांवर झाला. मग क्रीम ऑफ टार्टर घालून घरी केलेली मुलांच्या खेळण्याची कणीक खाल्लेल्या एका कुत्र्याला तसाच त्रास झाला, तेव्हा धागा हाती लागला. २०२१ मध्ये तिथल्या पशुवैद्यकांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. पुढे चिंच खाल्लेल्या कुत्र्यांच्याही नोंदी आल्या, कारण चिंचेतही हेच आम्ल असतं. शंभर टक्के सिद्ध झालं असं कोणी म्हणत नाही, पण आज सर्वांत पटणारं कारण हेच आहे. द्राक्षातलं हे आम्ल जात, माती आणि पिकण्याच्या अवस्थेप्रमाणे बदलतं. मोती एका बागेत खाऊन धडधाकट का राहतो आणि पाहुण्यांचं कुत्रं दुसऱ्या बागेत का आजारी पडतं, याचा थोडा उलगडा यातून होतो.

आपल्याकडे यातून काही गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात. विरळणीच्या वेळी वेलीखाली पडलेले हिरवे मणी निरुपद्रवी नाहीत, कच्च्या मण्यात आम्ल जास्त असतं. बेदाणा आणि मनुका तर आटवलेलं द्राक्षच, त्यामुळे थोडाही खाल्ला तरी पोटात बरंच जातं. शिरा, पुलाव, फ्रूट केक, ट्रेकला घेतलेला सुकामेवा, सगळं यात आलं. वायनरीच्या मागे द्राक्षं दाबून उरलेला चोथा टाकलेला असतो. त्याला गोडसर आंबूस वास असतो आणि कुत्रं त्याकडे ओढ घेतंच. त्या चोथ्यात सालं, बिया आणि कधी आंबलेल्या रसातलं अल्कोहोलही असतं. ग्लासातली वाईन कुत्र्याला ‘चाखवून’ व्हिडिओ काढणारे दिसतात. त्यांना काय म्हणावं, ते वाचकांनीच ठरवावं.

खाल्लंच तर काय करायचं?

लक्षणांची वाट बघत बसू नका. उलट्या साधारण ६ ते १२ तासांत सुरू होतात, एखाद्या वेळी २४ तासही लागतात. मग कुत्रं मलूल होतं, खाणं सोडतं, पोट दुखत असल्यासारखं वाकून बसतं. मूत्रपिंडाचा बिघाड २४ ते ७२ तासांत उघड होतो. लघवी कमी होत जाते, शेवटी थांबते. ती थांबली की डॉक्टरांच्या हाती फार थोडं उरतं. म्हणजे रविवारी संध्याकाळी बागेत खाल्लेल्याचा परिणाम मंगळवारी दादरच्या घरात दिसतो आणि तोवर द्राक्षाची आठवणही कोणाला नसते.

खाल्ल्यावर पहिले दोन तास मोलाचे. डॉक्टर इंजेक्शन देऊन उलटी करवतात, नंतर साधारण दोन दिवस सलाईन लावतात आणि रक्तातलं क्रिएटिनिन तपासत राहतात. घरच्या घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा उपाय आपल्याकडे सर्रास सांगितला जातो, तो करू नका. त्याने मिठाचीच विषबाधा होऊ शकते. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर अनुभवी असतात, पण त्यांचं रोजचं काम गाई-म्हशी आणि शेळ्यांचं. कुत्र्याला दोन दिवस सलाईनवर ठेवायचं, रोज रक्त तपासायचं, तर बहुतेक वेळा नाशिक शहर गाठावं लागतं. म्हणून तंबू ठोकण्याआधी, उजेड असतानाच, जवळचा डॉक्टर कोण आणि रात्री फोन उचलतो का, हे विचारून ठेवा. पशुसंवर्धन विभागाचा टोल फ्री क्रमांक १९६२ आहे. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची चौकशी तिथे करता येते.

कांद्याचं विष सावकाश चढतं. त्यातल्या गंधकयुक्त घटकांमुळे कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. हिरड्या पांढुरक्या पडणं, धाप लागणं, गडद लघवी ही लक्षणं दोन-चार दिवसांनी दिसतात. कुत्र्याच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त कांदा एका वेळी पोटात गेला तर धोका धरावा. २० किलोच्या कुत्र्याला हे १०० ग्रॅम, म्हणजे एक मध्यम कांदा. शिजवल्याने विष जात नाही. लासलगाव परिसरात चाळीबाहेर कांद्याचे ढीग असतात. पण कुत्रं कच्चा कांदा सहसा खात नाही, खरा धोका मिसळीच्या तर्रीत बुडवलेल्या पावाचा.

कोणत्या महिन्यात यावं?

द्राक्षबागेचं वर्ष दोन छाटण्यांवर चालतं. एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. गोडी छाटणीनंतर द्राक्षं धरतात आणि साधारण जानेवारी ते मार्च तोडणी चालते. बागलाणच्या अर्ली बागा याला अपवाद, तिथे छाटणी पावसाळ्यातच होते.

गोडी छाटणी झाली की काड्यांवर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड लावतात. आपल्याकडे त्याला ‘पेस्ट लावणं’ म्हणतात. हे रसायन कातडीला आणि डोळ्यांना भाजतं, पोटात गेलं तर जनावराला घातक आहे. माणसासाठी यात आणखी एक गोष्ट आहे, जी वाईनच्या सहलीला येणाऱ्याला आणि पेस्ट लावणाऱ्या मजुरालाही माहीत हवी. या रसायनाचा संपर्क आल्यावर दारू किंवा वाईन घेतली तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, रक्तदाब उतरतो, मळमळ होते. ताज्या पेस्टच्या बागेत फोटो काढून लगेच चाखायला बसू नये. आणि पेस्ट लावून आलेल्याने त्या संध्याकाळीच नव्हे, पुढचे एक-दोन दिवसही दारूपासून लांब राहावं.

त्यानंतर फवारण्या. अवकाळी पाऊस झाला की डावणी-भुरीच्या भीतीने ब्लोअर रात्रीसुद्धा फिरतात. कुत्रं ओल्या पानांखालून पळतं, पाय चाटतं आणि औषध पोटात जातं. फवारणीच्या टाकीजवळचं डबकं, ड्रिपच्या फिल्टरपाशी साचलेलं खतमिश्रित पाणी त्याला तहान लागल्यावर बरोबर सापडतं. तोंडातून लाळ गळणं, अंग थरथरणं, बाहुल्या बारीक होणं अशी लक्षणं दिसली तर कीटकनाशक समजून डॉक्टरकडे धाव घ्या आणि औषधाचा डबा किंवा त्याचा फोटो बरोबर न्या. कोणतं औषध होतं हे कळलं तर उपचार पटकन सुरू होतात. उंदरांसाठी ठेवलेल्या झिंक फॉस्फाइडच्या गोळ्या बांधाच्या बिळापाशी असतात, त्याची चौकशी मालकाकडे आधीच करावी.

मग यायचं कधी? माणसांसाठी जानेवारी-फेब्रुवारी, यात वाद नाही. घड लगडलेले असतात, वायनरीत तोडणीची लगबग असते. पण कुत्र्याला घेऊन यायचं तर आमच्या मते ऑगस्टची अखेर ते सप्टेंबरचा पहिला पंधरवडा बरा. पाऊस ओसरायला लागलेला असतो, वेल हिरवेगार, बहुतेक बागांत फळ नाही, पेस्टही नाही. पोळा जवळ आलेला असतो, गावात गोठ्यांची रंगरंगोटी चालू असते. वायनरीचे चाखायचे हॉल बारा महिने सुरू असतात, त्यामुळे तिथे काही चुकत नाही. गोचीड आणि घोणस मात्र याच दिवसांत जास्त, त्याबद्दल पुढे येईलच. हिवाळ्यातच यायचं असेल तर निफाडची थंडी गृहीत धरा. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा पाच-सहा अंशांखाली गेल्याच्या बातम्या दर वर्षी तुम्ही वाचताच. मणी तडकू नयेत म्हणून शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. आखूड केसांचं कुत्रं त्या थंडीत तंबूच्या नुसत्या कापडावर झोपू शकत नाही, खाली जाड घोंगडी हवी.

वाट कशी धरावी?

मुंबईहून येताना पहिला टप्पा इगतपुरी तालुका. घोटीच्या आसपास सांजेगावला ग्रोव्हर झांपा आणि कावनईला मुकणे धरणाजवळ व्हॅलोने. भाताची खाचरं आणि कावनईचा किल्ला यामुळे हा भाग द्राक्षपट्ट्यासारखा वाटतच नाही. पावसाळ्यात तंबूचा नाद इथे सोडावा, इगतपुरीचा पाऊस कापडाला दाद देत नाही.

दुसरा टप्पा गंगापूर धरणाचा. सुला आणि यॉर्क इथेच. राजीव सामंत यांनी १९९० च्या दशकात इथल्या माळावर वाईनची द्राक्षं लावली आणि २००० साली सुलाची पहिली वाईन बाजारात आली. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं आणि पुढे विंचूरला वाईन पार्क उभा राहिला. एमटीडीसीचं ग्रेप पार्क रिसॉर्टही धरणाच्या काठी आहे. कुत्रं चालेल का, हे वायनरी असो की रिसॉर्ट, फोनवर विचारूनच निघा. बाहेरच्या बाकड्यांवर चालतं पण हॉलमध्ये नाही, असंही उत्तर मिळू शकतं. धरणाची जमीन जलसंपदा खात्याची, तिथे मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही. आणि गंगापूरचं पाणी नाशिक शहर पितं. त्यात कुत्र्याला साबण लावून आंघोळ घालू नका, एवढी विनंती.

तिसरा टप्पा दिंडोरी. शांदोंची वायनरी याच तालुक्यात. वाघाड, करंजवण, ओझरखेड ही धरणं जवळ, शेतकऱ्यांच्या मळ्यात तंबूची सोय कुठे कुठे मिळते. इथून पिंपळगाव बसवंतमार्गे निफाड आणि पुढे विंचूर. वाटेत नांदूर मध्यमेश्वरला पक्षी बघायचा मोह होतो. २०२० मध्ये रामसर यादीत आलेली ही राज्यातली पहिली पाणथळ जागा. पण ते अभयारण्य आहे, कुत्र्याला आत नेता येत नाही. दोघांपैकी एकाने बाहेर कुत्र्यापाशी थांबायचं आणि पाळीपाळीने जायचं. बंद गाडीत ठेवून तर मुळीच जाऊ नका, हिवाळ्यातल्या उन्हातही गाडी आतून तापते.

रेल्वेने यायचं असेल तर फर्स्ट क्लासचा पूर्ण कूपे आपल्या नावावर असेल तेव्हाच कुत्रं सोबत बसतं, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीत. कूपे मिळण्याची खात्री नसते, म्हणून गाडीच बरी.

रात्र बिबट्याची

कुत्रं बाहेर राखण करेल आणि आपण तंबूत निवांत झोपू, हा हिशोब द्राक्षपट्ट्यात उलटा पडतो. गोदावरी, दारणा, कादवा या नद्यांच्या काठच्या उसात बिबटे राहतात, तिथेच पिल्लं होतात. आणि कुत्रं हे त्यांचं आवडतं खाद्य. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेजारच्या अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला. त्यात बिबट्याच्या आहारात वजनाने ८७ टक्के वाटा पाळीव आणि गावातल्या जनावरांचा निघाला, त्यातही एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. शेळी हाती लागण्यापेक्षा कुत्रं सोपं, कारण शेळ्या रात्री कोंडतात आणि कुत्री मोकळी असतात किंवा दाराशी बांधलेली.

म्हणून तंबूबाहेर खुंटीला बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्याला दिलेलं आमंत्रण. बांधलेल्याला पळताही येत नाही. कुत्र्याला रात्री पक्क्या खोलीत ठेवा, किंवा तुम्हीही गाडीत झोपणार असाल तर काचा थोड्या उघड्या ठेवून गाडीत. नुसत्या कापडाच्या तंबूत कुत्रं जवळ घेऊन झोपणं हासुद्धा चांगला बेत नाही, विशेषतः ऊस लागून असेल तर. शेवटची शी-शू दिवस मावळायच्या आत उरकावी. रात्री उठावंच लागलं तर दोघांनी मिळून, टॉर्च घेऊन, आखूड दोरीवर, आवाज करत जावं. लहान मुलांना कुत्र्यामागे पाठवू नये. मटणाची हाडं, उरलेलं जेवण तंबूपाशी टाकलं की गावातली कुत्री जमतात आणि त्यांच्या मागावर बिबट्या येतो. धनगरांच्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचा काटेरी पट्टा दिसतो, तो याचसाठी, कारण बिबट्या आधी मान धरतो. शहरातल्या कुत्र्याला तसा पट्टा घातला म्हणजे झालं असं समजू नका. बिबट्या दिसला तर मोबाईल घेऊन मागे न लागता वन विभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवा.

लस, गोचीड, गावची कुत्री

निघण्याआधी रेबीजची आणि डिस्टेंपर-पार्व्होची लस झालेली असावी, कागद बरोबर असावा. डिस्टेंपर कुत्र्यांकडून जंगली प्राण्यांनाही होतो, त्यामुळे हा फक्त तुमच्या कुत्र्याचा प्रश्न राहत नाही. प्रत्येक वस्तीवर चार-पाच राखणीची कुत्री असतात आणि त्यांना हद्द कळते. तुमचं कुत्रं मोकळं सोडलंत तर भांडण होणारच. माणसाला कुत्रं चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठा. हळद-चुना लावत बसू नका. दिवाळीनंतर मेंढ्यांचे वाडे शेतात बसायला येतात, तिथून तर कुत्रं लांबूनच न्यावं.

रोज रात्री कान, बोटांच्या बेचक्या आणि काखा बघून गोचीड काढा. गोचीडताप दोन-तीन आठवड्यांनी उमटतो, तेव्हा सहलीचं डॉक्टरांना सांगायला विसरू नका. घोणस बांधावरच्या गवतात आणि पाचटाखाली असते. कुत्र्याच्या तोंडाला किंवा पायाला एकाएकी सूज आली तर पट्टा आवळून बांधू नका, जखम कापू नका, उचलून गाडीत घाला आणि निघा.

तंबू भाड्याने देणाऱ्यांसाठी

राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं आणि मळ्यातल्या मुक्कामाला सरकारी ओळख मिळाली. कुत्र्यासह येणारा पाहुणा सहसा जास्त दिवस राहतो आणि पुन्हा येतो, त्यामुळे त्याला नाही म्हणायची गरज नाही. पण निर्यातीच्या बागेत प्राण्यांचा वावर नको असतो, हे त्याला आल्याआल्या सांगा. कुत्र्याची विष्ठा घडाखाली पडलेली तपासणीला आलेल्या माणसाला दिसली तर उत्तर तुम्हाला द्यावं लागतं, पाहुण्याला नाही. बागेपासून वेगळी, तारेचं कुंपण घातलेली मोकळी जागा असेल तर उत्तम. झटका मशीन चालू असेल तर तसा ठळक बोर्ड लावा. पेस्ट आणि फवारणीच्या तारखा बुकिंग घेतानाच सांगून टाका, लागलंच तर ते दोन दिवस बुकिंग घेऊ नका. ड्रिपच्या नळ्या कुत्री चावतात, नुकसान झालं तर भरपाई कोणाची हेही आधी बोलून ठेवलेलं बरं, नंतर तोंड वाकडं करण्यात अर्थ नाही.

वाईन प्यायला राज्यात वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात. धरणाच्या काठी, रस्त्याकडेला, उघड्यावर बाटल्या काढून बसलात तर पोलीस कारवाई करू शकतात. आणि गाडी चालवणाऱ्याने चाखायच्या रांगेत उभंच राहू नये. कुत्र्याला रात्रीत दवाखान्यात न्यायची वेळ आली, तर शुद्धीत गाडी चालवणारा एक माणूस लागतोच.